घटकाभराची पीडा

"मोडली! मोडली पीडा!"

ओरडा झाला आणि बोरखेडीच्या बाजारतळावरची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. मिरच्या विकणाऱ्या बाया ढीग सोडून धावल्या. बैल विकायला आलेले लोक कासरे हातात धरूनच पुढं घुसले. लिंबाच्या पारावर बोटेबाबा बसला होता. अंगात भगवी कफनी, कपाळभर राख, आणि मांडीवर एका म्हाताऱ्याचा थरथरता हात.

"आरं, सांधा म्हंजे काय?" बाबा गरजला. "पीडेचं बिऱ्हाड! तुमी भाकरी खाता आन् ती पेरात बसून तुमचा रस खाती. मी कोन? मी घर खाली करून घेनारा मामलेदार! नोटीस न्हाई, मुदत न्हाई. एक हिसका, की बिऱ्हाड रस्त्यावर!"

त्यानं म्हाताऱ्याचं बोट ओढलं. कट्!

"ऐकलं?"

"ऐकलं, बाबा!" गर्दी एका आवाजात म्हणाली.

लगेच त्यानं तेच बोट पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं. म्हातारा कळवळला, पण बोट काही वाजलं नाही.

"बघा! घर रिकामं. आता वाजंल कशानं?"

लोकांनी हात जोडले. ज्याचं बोट पहिल्या हिसक्यालाही वाजत नसे, त्याची पीडा 'मुरलेली' ठरे, आणि मुरलेल्या पीडेला पुढच्या बाजारी नारळ घेऊन यावं लागे. वाजलं तरी बाबा खरा, नाही वाजलं तरी बाबा खरा. चीत पडला तरी जिंकणारा असा पैलवान साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नव्हता.

खेळाला सुरुवात करताना तो आधी स्वतःची दहा बोटं मोडून दाखवी. कडाकडा वाजलेली बोटं मग पुन्हा ओढी आणि ती मुकी राहिली की म्हणे, "माझ्यात होती ती बी काढली. आता मी निर्मळ. निर्मळ हातानंच दुसऱ्याचा मळ निघतो."

हे सगळं मी गर्दीत उभी राहून पाहत होते. साल एकोणीसशे एकोणपन्नास, महिना चैत्राचा. मी दर्शनाला आले नव्हते. माझ्या आईची चार बोटं ज्यानं घालवली, त्याला त्याच पारावरून खाली ओढायला आले होते.

माझं नाव दया. शेवगावच्या पूर्वेला तीन कोसांवर बोरखेडी हे आमचं गाव. माझी आई बनुबाई गावची सुईण होती. आम्ही ख्रिस्ती, आमची पाच-सात घरं गावाबाहेर ओढ्यापलीकडं. पण बाई अडली की ओढा कुणाला आडवा येत नसे. आईला एक खोड होती. बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याआधी ती उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची. विचारलं तर म्हणायची, "हात जागं करते." तिचं बघून मलाही ती खोड लागली होती.

सेहेचाळीस साली हा बाबा गावात आला. पहिल्याच बाजारी त्याचा चमत्कार पाहून आई भर गर्दीत हसली.

"बाबा, माझी बोटं तर रोज वाजत्यात. म्हंजी माझ्याकडं रोज नवी पीडा बिऱ्हाडाला येती व्हय? मग येकीला तरी झाडलोट करायला लावा की!"

गर्दी खदखदून हसली. बाबाही हसला. पण गर्दीचं ते हसू त्यानं गिळलं, पचवलं नाही.

त्याच पावसाळ्यात कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याची बायको रतनबाई आजारी पडली. ताप, गुडघे सुजलेले, हाताची बोटं लाल आणि फुगलेली. आईनं कानिफनाथला सांगितलं, "गाडी जुंप आन् मिशनच्या दवाखान्यात घेऊन जा. ह्यो वात हाय, ह्याला हिसकं देऊ नका." कानिफनाथनं गाडी जुंपली खरी, पण ती पारापाशी नेली. बाबानं दर बुधवारच्या बाजारी रतनबाईची सुजलेली बोटं हिसडली. ती ओरडायची तेव्हा तो लोकांना सांगायचा, "ही ओरडत न्हाई, आतली ओरडती." महिन्याभरात तिची बोटं वाकडी झाली. हातात घास धरवेना.

आता बाबाला कुणीतरी दोषी हवं होतं. त्यानं ते आधीच हेरून ठेवलं होतं.

"मी पीडा काढतो, पन कुनीतरी ती परत धाडतंय," तो कानिफनाथला म्हणाला. "गावात बोटं मोडनारी कोन हाय? रोज उठून कुनाच्या नावानं बोटं मोडती?"

आपल्याकडं बोटं मोडणं म्हणजे तळतळाट देणं. गावाला एवढं पुरलं.

आईला पारावर बसवून तिची कसोटी घेतली. बाबानं तिची बोटं ओढली, ती वाजली. मग धुनी पेटवली, डफ वाजवला, बराच वेळ जप केला आणि मग पुन्हा तीच बोटं ओढली. पुन्हा वाजली.

"निर्मळ मानसाची पीडा येकदा गेली की गेली," बाबा ओरडला. "जिच्यात परत भरती ती चेटकीन! बोटंच ऱ्हायली न्हाईत तर मोडंल काय?"

कानिफनाथ घरी धावला आणि वरवंटा घेऊन आला. रतनबाई रोज ज्यानं चटणी वाटायची तोच. दोघांनी आईचं मनगट दगडावर दाबून धरलं. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा तेवढा वाचला.

मी तेव्हा नगरला नर्सचं शिक्षण घेत होते. मला नऊ दिवसांनी कळलं. फौजदार चौकशीला आला तेव्हा अख्खं गाव म्हणालं, बनुबाईचा हात जात्याखाली सापडला. पुढच्या हिवाळ्यात राहीबाई नावाची पोरसवदा बाळंतीण दोन दिवस अडून मेली. आई तिच्या उशाशी बसली होती. काय करायला हवं ते सगळं तिला ठाऊक होतं आणि ते करायला हात नव्हता.

"आये, मी त्या मानसाला सोडनार न्हाई," मी म्हणाले.

"क्षमा कर, बाई. देवानं सांगितलंय."

"देवाला सांगायला काय जातंय! त्याची बोटं कुनी चेचली न्हाईत."

आईनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "हातातच खिळं ठोकलं हुतं की गं त्याच्या."

आईचं म्हणणं खरं होतं, पण म्हणून माझा राग गेला नाही. पुढची दोन वर्षं मी तो निखाऱ्यासारखा राखेत जपला. दया म्हणून कुणी हाक मारली की मला चुकीच्या माणसाला बोलावल्यासारखं वाटायचं.

शिक्षण संपवून मी मिशनच्या दवाखान्यात नर्स झाले, आणि एके दिवशी तिथं एका बाईला तिच्या भावानं पाठुंगळी आणलं. रतनबाई. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं आणि ती खाटेवर तोंड फिरवून रडू लागली. तिला भरवायचं, धुवायचं काम माझ्याकडंच आलं. पहिले चार दिवस मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पाचव्या दिवशी पेज भरवताना ती म्हणाली, "दयाबाई, तुज्या आईनं माजं वाईट चिंतलं न्हवतं. मला तवाच ठावं हुतं. पन मी गप बसले."

"का गप बसलीस?"

"नवरा वरवंटा घेऊन निघाला हुता. मदी बोलले असते तर माज्याच डोक्यात घातला असता."

मी चमचा खाली ठेवला. मग तिला विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

तिनं सांगितलं. बोलता बोलता एक गोष्ट अशी निघाली की मी थबकले.

"आमा सगळ्यांची बोटं बाबा लगोलग परत वडायचा. तुज्या आईला मातुर लई येळ बसवलं. जप काय, डफ काय. माजी तर मान दुकाय लागली हुती. मग परत वडली."

लगोलग, आणि लई वेळानं. मी माझं बोट ओढलं. वाजलं. लगेच ओढलं. मुकं. लहानपणापासून हजारदा मोडलेली ही बोटं, पण ती दुसऱ्यांदा वाजत नाहीत हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. नाडी मोजायचं घड्याळ कमरेला होतं. पाच मिनिटांनी ओढलं, मुकं. दहा मिनिटांनी मुकं. पंचविसाव्या मिनिटाला, कट्!

त्या आठवड्यात मी दवाखान्यातल्या एकालाही सोडलं नाही. स्वयंपाकीण, झाडूवाला, दोन नर्सा, औषधं देणारा. कुणाचं बोट वीस मिनिटांनी पुन्हा वाजे, कुणाचं तीसनं. लगेच मात्र कुणाचंही वाजलं नाही. मग मी आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले.

"यात भूत कुठलं आलंय?" त्या म्हणाल्या. "दोन हाडांच्या मधे अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत वंगण असतं. त्यात हवा विरघळलेली असते. बोट ओढलं की सांध्यातली जागा एकदम वाढते, वंगणात बुडबुडा होतो आणि त्याचा हा आवाज. विलायतेत दोन वर्षांपूर्वी क्ष-किरणांनी फोटो घेऊन डॉक्टरांनी हे पाहिलंय. तो बुडबुडा पुन्हा विरायला साधारण एक घटका, वीस-तीस मिनिटं, लागते. तोवर बोट वाजत नाही."

"आणि या खोडीनं सांधे बिघडतात का? लोक म्हणतात."

"लोक पुष्कळ म्हणतात. मी आजवर वाकड्या बोटांच्या शेकडो बाया तपासल्या. प्रत्येकीला विचारलं. बहुतेकींनी जन्मात बोटं मोडलेली नव्हती. धडधाकट सांधा मोडून वाजवला तर काही बिघडतं असं मला दिसलेलं नाही. पण सुजलेला सांधा हिसडणं, तो गुन्हा आहे. रतनबाईला आधीच इथं आणलं असतं तर बोटं इतकी वाकडी झाली नसती."

दोन महिन्यांनी रतनबाई काठी टेकत चालू लागली. मी तिला काय करायचं ते सांगितलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्यो माजा नवरा बी तिथं असंल ना? मग मी येते."

तर अशी मी त्या बुधवारी बाजारतळावर उभी होते. बाबानं सुरुवातीलाच स्वतःची दहा बोटं मोडून निर्मळपणा सिद्ध केला होता. पाचसहा जणांची बिऱ्हाडं रस्त्यावर काढली होती. तेवढ्यात रतनबाई काठी टेकत पुढं झाली.

"बाबा, तुमी पीडा काढली, पन मी बरी न्हाई झाले. बनुबाईची बोटं गेली तरी अजून कोन धाडतंय?"

मी पाराची पायरी चढले. "मी बनुबाईची लेक. आईची विद्या लेकीकडं येते म्हणतात. माझी कसोटी घ्या."

बाबाचे डोळे चमकले. न बोलावता शिकार पायरी चढून आली होती, आणि ती सोडण्याइतका तो शहाणा नव्हता.

"बस," तो म्हणाला.

माझी बोटं वाजली. धुनी पेटली, डफ घुमू लागला. बाबा डोळे मिटून डोलत होता आणि मी कमरेचं घड्याळ पदराआड धरून बसले होते. धुरानं डोळे चुरचुरत होते. समोर कानिफनाथ उभा होता, दाढीचे खुंट वाढलेला, बायकोकडं न पाहणारा. माझी नजर त्याच्या हातांवर होती. अठ्ठावीस मिनिटं झाली. डफ थांबला. बाबानं माझं बोट ओढलं.

कट्!

"चेटकीन!" पहिली आरोळी त्यानंच दिली. गर्दी उसळली.

मी उठून उभी राहिले. दोन वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती हीच.

"कसोटी मान्य. निर्मळ माणसाचं बोट परत वाजत नाही, बरोबर ना, बाबा?"

"बरोबर! साऱ्या गावाला ठावं हाय!"

"तुम्ही मघाशी तुमची दहा बोटं मोडलीत. तुम्ही निर्मळ. मग आता परत ओढून दाखवा."

बाबाच्या तोंडावरची राख तशीच होती, पण तिच्याखालचा रंग उडाला. त्यानं दोन्ही हात कफनीत घेतले. "साधूची कसोटी घेनाऱ्याचं निसंतान हुतं!"

"मला न्हाई वो पोटी काय," रतनबाई म्हणाली. "मला कशाचं भ्या? वडा की."

"हिच्या आईचं हात बी असंच लपत हुतं," गर्दीतली एक म्हातारी, लंकाबाई, पुटपुटली. "आपुन वडून काढलं हुतं."

मग कानिफनाथ पारावर चढला. त्यानं बाबाचा हात कफनीतून बाहेर खेचला आणि मधलं बोट ओढलं.

कट्! दुसरं. कट्! तिसरं. कट्!

कानिफनाथनं ते बोट लगेच पुन्हा ओढलं. मुकं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"घटकाभर थांब," मी म्हणाले. "परत वाजेल. जितक्या वेळा थांबशील तितक्या वेळा वाजेल. माझं, त्याचं, तुझंही. आईला म्हणून तर जप म्हणत बसवून ठेवलं होतं."

मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं. वंगण, हवा, बुडबुडा. कुणाला किती कळलं ठाऊक नाही. पण कट् झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

बाबा पारावरून उडी मारून पळू पाहत होता. चौघांनी त्याला धरला. दोन थपडांत त्याचा साधू गळून पडला. "मी छगन! मी तालमीत मालिश करायचो! पैलवानांची बोटं मोडता मोडता हाताला ठावं झालं, लगेच परत वाजत न्हाई म्हून! सोडा मला!"

तोवर कानिफनाथनं चुलीचा एक धोंडा उचलून आणला होता. लोकांनी छगनचं मनगट दगडावर दाबलं. तो जनावरासारखा ओरडत होता. कानिफनाथनं धोंडा वर नेला आणि माझ्याकडं पाहिलं. माझा शब्द हवा होता त्याला.

खरं सांगते. मला 'हाण' म्हणायचं होतं. तो शब्द जिभेवर आला होता आणि तो गोड लागत होता.

"थांब," मी म्हणाले. "याचं बोट परत वाजलं म्हणून चेचायचं असेल, तर माझ्या आईचीही बरोबरच चेचली होती. मग तुझी कसोटी खरी ठरते, कानिफनाथ. मी ती खरी ठरू देणार नाही. आणि तुला इतक्या स्वस्तात सुटूही देणार नाही. तो धोंडा खाली ठेव आणि तुझा हात पुढं कर."

त्याला काही कळेना. मी त्याचं बोट ओढलं. वाजलं. मग आईचं मनगट धरणाऱ्या दुसऱ्याचं. मग लंकाबाईचं. मग पुढच्या रांगेतल्या एकेकाचं. कुणाची वाजली, थोड्यांची नाही वाजली. ज्यांची वाजली त्यांना मी पारासमोर बसवलं आणि घड्याळ पायरीवर ठेवलं. कुणी उठायला लागला की रतनबाई काठी आडवी धरायची. त्या उन्हात ते घटकाभर बसून राहिले. डफ नाही, जप नाही. तीस मिनिटांनी मी पुन्हा ओढली. एकामागून एक सगळ्यांची वाजली.

"इतक्या चेटकिणी आहेत बोरखेडीत," मी म्हणाले. "आता सांगा, वरवंटा कुणाकुणाच्या बोटांवर घालायचा? सुरुवात कुणापासून करू?"

कुणी मान वर केली नाही. मला तेच पाहायचं होतं आणि मी ते पोटभर पाहिलं.

निरोप गेला आणि संध्याकाळी फौजदार आला. या खेपेला जात्याचं नाव कुणी घेतलं नाही. लंकाबाईनं सगळं सांगितलं, रतनबाईनं सांगितलं आणि शेवटी कानिफनाथनंही सांगितलं, स्वतःच्या वरवंट्यासकट. छगनला सक्तमजुरी झाली, कानिफनाथला आणि मनगट धरणाऱ्यांनाही झाली. तुरुंगात जाण्याच्या आदल्या दिवशी कानिफनाथ ओढा ओलांडून आमच्या दारात आला. आईनं त्याला पाणी दिलं, डाव्या हातानं. तो तांब्या धरून रडत उभा राहिला. आईनं त्याला क्षमा केली. मी केली नाही, आजही केलेली नाही. बोटं आईची होती, पण राग माझा आहे.

रतनबाई परत नवऱ्याच्या घरी गेली नाही. ती भावाकडं राहिली आणि दर महिन्याला दवाखान्यात येत राहिली. बोटं सरळ झाली नाहीत, पण घास स्वतःच्या हातानं खाऊ लागली.

लोक मला अजून विचारतात, बाई, बोटं मोडू की नको? मोडा नाहीतर नका मोडू, त्यानं तुमचं काही अडत नाही. दुखत, सुजत असेल तर डॉक्टरकडं जा. त्यापेक्षा मोठी गोष्ट मला सांगायची आहे. चमत्कार दाखवणारा नेहमी घाईत असतो, नाहीतर तुम्हाला ताटकळत ठेवतो. वेळ कधी तुमच्या हाती देत नाही. तुम्ही घड्याळ मागा. एकाला दाखवलेलं दुसऱ्याला, दुसऱ्याला दाखवलेलं खुद्द त्याला लागू पडतं का ते विचारा. भीती वाटली तरी विचारा. आणि कुणाच्या हातावर दगड उचलण्याआधी तीच कसोटी एकदा स्वतःच्या हातावर घेऊन बघा.